आवाजाची नेमकी जागा

४ मार्च
अखेर आणलं! अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, प्लेअर वेगळा, स्पीकर दोन. आजवर आम्ही गाणी ऐकतच नव्हतो, गोंगाट सहन करत होतो. सगळं एकातच असलेला तो जुना डबा ताईला देऊन टाकला. तिला काय, गाढवाला गुळाची चव! बायको विचारत होती, डब्याला झालं काय होतं? मी वायरी जोडायला घेतल्या.

५ मार्च, सकाळी
फरक आहे. जमीन-अस्मानाचा. नेमका कुठे, ते सापडायचंय.

६ मार्च
दुकानदाराला फोन. म्हणाला, दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं असा त्रिकोण जमायला हवा. खोलीत खऱ्या आवाजाची जागा एकच. टेप लावून मोजलं. तिथे आईची खुर्ची आहे, खिडकीजवळ. स्पीकर हलवावेत तर वायर पुरत नाही.

८ मार्च
आईला शास्त्र समजावलं. लगेच उठली. बस की, म्हणाली. मी डोळे मिटून ऐकतोय आणि ही बाजूला उभ्यानं भाजी निवडतेय. मग म्हणाली, झालं का रे, गुडघे दुखतात. अशानं कान कसा लागणार?

९ मार्च
आईची खुर्ची दाराजवळ नेली. वारा छान येतो. आई काही बोलली नाही, म्हणजे पटलं. बायकोही बोलली नाही. हे लक्षण बरं नव्हे.

१३ मार्च
बाससाठी, म्हणजे खालचा जाड आवाज घुमू नये म्हणून, गालिचा आणला. आई अडखळली. पडली नाही. मी कड दाबून बसवली. गालिचा राहू दिलाय. बास महत्त्वाचा.

१५ मार्च
आई ताईकडे गेली. चार दिवसांसाठी म्हणाली. बॅग मोठी वाटली. असो. आता निवांत ऐकता येईल.

१६ मार्च
नेमक्या जागी बसलो. त्रिकोण चोख. आवाज डब्यासारखाच. उगाच दाराकडे बघत बसलो. करमत नाही.

२० मार्च
ताईकडे फोन केला. मागे आमचा डबा वाजत होता. आई म्हणाली, अरे, इथे किती छान ऐकू येतं! कुठेही बसा. ये ना ऐकायला.

२१ मार्च
गालिचा गुंडाळला. खुर्ची परत खिडकीशी ठेवली. ताईला म्हटलं, हे सगळं तू घे, डबा तेवढा परत दे. म्हणाली, एकदा दिलेलं परत मिळणार नाही.

आईचं विचारायचा धीर झाला नाही.