प्रश्नचिन्हांवरचा शिक्का

बुलडाणा, मंगळवार, संध्याकाळ

काय ही माणसं! संध्याकाळची कॉलेजबस बंद करू नका, अशी हरकत मी शनिवारी ईमेलने पाठवली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कमलची लेक त्याच बसने गावी जाते. बस गेली की तिचं शिक्षण संपलं. हरकतींची मुदत काल सरली. आज कॉलेजात गेले, तर बाबूने कागद पुढे केला. विषयापासून सहीपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं, आणि वर शनिवारचा आवक शिक्का! न वाचता छापला, न वाचता ठोकला.

"मॅडम, तुम्ही तं कॉन्व्हेंटच्या. इंग्रजीत काऊन नाही लिहिलं?"

"तुम्हाला वाचता आलं असतं?"

घरी येऊन पाहिलं. माझ्याच जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये अक्षरांसाठी युनिकोड निवडलेलं नव्हतं, म्हणून मराठीची प्रश्नचिन्हं झाली. मजकुराला निवडलं, विषयाच्या ओळीलाही. चूक माझी, मान्य. पण शिक्का मी मारला का? पुन्हा पाठवून बाबूला फोन केला.

"हाव, आता वाचता येऊन राह्यलं. पण मुदत गेली ना, मॅडम."

"शिक्का शनिवारचा आहे. त्याच आवक नंबराला हे जोडा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "जोडतो."

वाचून शिक्का मारणारा कोणी तिथे असता, तर प्रश्नचिन्हांवर तो पडलाच नसता आणि हरकत मुदतीबाहेरची म्हणून बाद झाली असती. हेच जास्त झोंबतंय.