तिसऱ्या खेपेचा पंच

अल क्वोज, शुक्रवार, ६ मार्च १९९८

जिंकलो! तिसऱ्या खेपेला का होईना, आमच्या या आखाती कामगार-कॅम्पचा पंच झालो. मी इथे मजुरीला येण्याआधी राजापूरच्या कोर्टातला वकील, आणि भांडणं मिटवायला लोकांनी दोनदा निवडलं कोणाला, तर मेसच्या आचाऱ्याला, सदूभाऊंना! दोन्ही वेळा काळा कोट घालून खोल्याखोल्यांत भाषणं ठोकली होती. या वेळी कोटाला कसर लागली, म्हणून लुंगीवरच फिरलो. लुंगीत भाषण कसलं करणार? नुसतं ऐकत बसलो. आज मेसमध्ये माझ्यासाठी पहिला हात सदूभाऊंचाच वर! म्हणाले, "त्या कोटासमोर तोंड उघडायची भीती वाटायची, वकीलसाहेब." म्हणजे मला पाडत होता तो कोटच? लगेच पहिलं गाऱ्हाणं आलं: खोलीतली तिघांच्या वाटणीची खुंटी वकिलांच्या कोटाने अडवलीय. निकाल माझ्याविरुद्ध दिला. खलास! अख्खी मेस टाळ्या वाजवत होती.