बातमी घेऊन कोणी जायचं

१५ जुलै, मंगळवार
मैदान अजून ओलंच. पळवलं नाही, नुसत्या दंड-बैठका. पोरं कुरकुरली. आशू सोडून. तिचा भाऊ किरणही असाच, मर मर मेहनत करून घेतली तरी तोंडातून ब्र नाही. त्याला याच मैदानावर घडवला, आज वर पहाडात पोस्टवर आहे. आता बहिणीला पण फौजच पाहिजे. दिवाळीनंतर भरती. पोरगी त्यात निघणार, लिहून ठेवतो.

दुपारी तालुक्याला, भूमला, संघटनेची मीटिंग. आम्ही माजी सैनिक मीटिंगला ठोक्याला हजर असतो, आणि मग सगळा वेळ जुन्या पोस्टिंगच्या गप्पा. विषय होता पंधरा ऑगस्ट, आमच्या ईटच्या मैदानावरच्या नव्या ट्रॅकचं उद्घाटन. पुढारी नको म्हणालो मी. तो उशिरा येणार आणि पोरं उन्हात चक्कर येऊन पडणार. त्यापेक्षा नोकरीत असलेल्या जवानाच्या आईच्या हातानं फीत कापू. किरणच्या आई, इंदूबाई. नवरा गेल्यावर एकटीनं शेती करून दोन लेकरं वाढवली बाईनं. सगळ्यांना पटलं.

सुभेदार साहेब, म्हणजे अध्यक्ष, एकदम खूश. "निमंत्रण रुबाबात गेलं पाहिजे हवालदार. आईचा मान आहे."

१८ जुलै, शुक्रवार
सकाळी ब्लेझर, टोपी, मेडलं. ही दारात उभी राहून हसत होती. "वरात निघाली का काय? नवरदेव कोणता त्यातला?" मीही मिशीला तेल लावलं होतं, खोटं कशाला बोलू.

साहेबांच्या जीपमधून इंदूबाईंच्या गल्लीत गेलो. आम्ही दोघं, मागं शाल-नारळाचं ताट. बाई अंगणात तूर निवडत होत्या. जीप थांबली. आम्ही उतरलो. त्यांनी एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. हातातलं सूप खाली ठेवलं, अगदी सावकाश. उठल्या, आत गेल्या आणि आतून कडी घातली.

मला वाटलं पदर नीट करायला गेल्या असतील.

साहेबांनी दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "जावा. म्या दार उघडणार न्हाय."
"अहो ताई, आम्ही संघटनेचे..."
"ठावं हाय कोण ते. तुमी काय सांगितलं न्हाय, म्या काय ऐकलं न्हाय. जावा माघारी."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. पलीकडच्या गावातलं एक पोरगं सीमेवर गेलं, त्याची बातमी अशीच आली होती, जीप आणि टोप्या. इंदूबाई त्या घरी तेराव्यापर्यंत जाऊन बसायच्या. मलाही हे माहीत. तरी नाही सुचलं.

मी ओरडलो, "इंदूबाई, किरण चांगला आहे! आनंदाची बातमी आहे!" पण तोवर शेजारच्या म्हातारीनं गळा काढला होता. तिचं ऐकून पलीकडची. बघता बघता गल्ली भरली, आणि त्या रडारडीत माझं कोण ऐकतो? आनंदाची बातमी म्हणत दाराशी उभा होतो आणि मागं बायका छाती पिटत होत्या.

आशू कॉलेजकडून पळत आली. तिचं तोंड आठवलं की...

किरणला फोन लावला तर लागेना. पोस्टवर रेंज कुठली. न लागणारा फोन बघून लोकांची उरलीसुरली खात्री पटली. शेवटी माझ्या पलटणीतल्या एका जुन्या मित्राला धरलं, त्यानं कुणाला, त्यानं पुढं कुणाला. दिवे लागायच्या सुमाराला किरणचा फोन आला. आशूनं दाराच्या फटीतून मोबाइल आत सरकवला. "आई, मी हाय. जेवलीस का?" एवढं बाहेर ऐकू आलं. मग आत बाई जे रडल्या ते मला ऐकवेना. ताट तसंच घेऊन आलो.

१९ जुलै, शनिवार
जेवण गेलं नाही. मैदानावर पोरं एकमेकांकडं बघतात आणि माझ्याकडं बघत नाहीत. आशू आली नाही.

२२ जुलै, मंगळवार
आजही नाही. रस्त्यात भेटली, खाली मान. "आई नको म्हणती तात्या. एक लेकरू दिलंय, बास झालं म्हणती." चपला घासत उभी राहिली. मग म्हणाली, "मी घरीच दोरीवरच्या उड्या मारते. गुपचूप." गेली.

दोरीवरच्या उड्या मारून भरती होत असती तर काय.

२४ जुलै, गुरुवार
दिवसभर येरझाऱ्या. ही वैतागली. "बसा की एका जागी. जात्यावानी फिरायलात."
म्हणालो, एवढं काय घाबरायचं? आधी विचारायचं तरी, काय झालं म्हणून.
ही भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "तुमी फौजेत व्हता तवा गल्लीत जीप वाजली की म्या चूल सोडून न्हाणीत जाऊन बसायचे. दार लावून. पाणी सांडायचे भडाभडा, म्हंजे कुणी हाक मारली तर ऐकू येऊ नये."
"कधी सांगितलं नाहीस."
"तुमी रजेवर आल्यावर हे सांगत बसू व्हय?"

इतकी वर्षं संसार झाला. मला वाटायचं मी तिकडं सीमेवर आणि ही इकडं सुखात. लाज वाटली. नुसती लाजच नाही, भरून आलं. भाकरी खाल्ली गुमान.

२७ जुलै, रविवार
मीटिंगमध्ये भांडलो. ठराव मांडला, नोकरीतल्या जवानाच्या घरी कुणीही टोपी-मेडल घालून जायचं नाही. जायचं तर साध्या कपड्यात, जीप वेशीवर ठेवून, आणि दिसल्या दिसल्या आधी ओरडायचं, पोरगा खुशाल आहे.

साहेब भडकले. "ज्या टोपीसाठी आयुष्य घातलं तिची लाज वाटते तुला?"
लाज टोपीची नाही साहेब, म्हणालो, अकलेची वाटते. आपल्या दोघांच्या.
हे बोलायला नको होतं, पण बोललो. साहेबांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि निघून गेले. ठराव झाला. चार टाळ्या वाजल्या. आशू काही त्यानं मैदानावर येणार नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
इंदूबाईंच्या रानात गेलो, लांबूनच हाक मारत. सोयाबीन खुरपत होत्या. बांधावर बसलो. माफी मागितली. त्यांनी खुरपं थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, "पोरगी रोज सपनात पळती. पाय झाडती नुसती. तिला कुठवर बांधून ठिवू? धाडते मैदानावर. फीत बी कापते, तुमची हौस हाय तर. पण एक शब्द द्या."
"सांगा."
"माझ्या किरणचं काय बरंवाईट झालंच, तर तुमी यायचं सांगायला. पाटील न्हाय, साहेब न्हाय, टीवीवाले न्हाय. तुमी. त्याला तुमी घडवलाय."

विचार करून सांगतो म्हणालो. विचार कसला करणार? उठून आलो.

५ ऑगस्ट, मंगळवार
किरणच्या आधी या मैदानावरून किती पोरं गेली. आजपर्यंत त्यांचे फोटो मी अभिमानानं लोकांना दाखवत आलो. आज दाखवताना प्रत्येकाचं घर डोळ्यांपुढं आलं. दारं, उंबरे.

गोळीबारात मी कधी डगमगलो नाही. हे नाही जमणार. हिला म्हणालो तसं. ही म्हणाली, "मग पोरांना पळवू बी नगा."
एवढं बोलून ही धुणं वाळत घालायला गेली.

७ ऑगस्ट, गुरुवार
गेलो. उंबऱ्यातच सांगितलं, येईन. मीच येईन.

इंदूबाईंनी मान हलवली. मला वाटलं संपलं. पण बाई पक्की. "नुसतं तेवढ्यालाच येऊ नगा मग. येत जावा. चहाला या, भांडायला या, काय काम नसलं तरी या. रोज आलात तर तुमी दिसल्यावर माझ्या काळजात धस्स होणार न्हाय."

आतून आशू बूट घेऊनच बाहेर आली. माझ्याकडं न बघता नाड्या बांधायला बसली.

१० ऑगस्ट, रविवार
आशू परत पहिल्या नंबरात. दम थोडा कमी पडतोय, येईल. साहेब मैदानावर आले होते, साध्या सदऱ्यात. बोलले नाहीत, पण पोरांसाठी केळी ठेवून गेले.

इंदूबाईंकडं चहा. आता गल्लीतली म्हातारीसुद्धा म्हणते, "आलं बघा पाव्हणं."

१२ ऑगस्ट, मंगळवार
चहा. किरणचा फोन बरेच दिवस नाही. रेंज नसेल, मी म्हणालो. "व्हय, नसंल," त्या म्हणाल्या, आणि मला अजून साखर पाहिजे का विचारलं. अगदी निवांत. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही आता. त्यांना पाहिजे होतं तसंच झालं.

येताना वाटेत एकदम लक्षात आलं आणि पाय थांबले. उद्या तो दिवस आलाच, तर बाई असंच हसून पाट सरकवणार. चहा टाकणार. मला बघून त्यांना काहीच कळणार नाही. मलाच तोंड उघडून सांगावं लागेल.

उद्याचा चहा आहेच. फोन अजून आलेला नाही.