म्हशीच्या धोंड्यावरचा चुना

६ ऑक्टोबर १९५७, रवि.
दोन वर्षांनी कर्नाळ्याच्या बाजूला सायकल घातली. सौ.ला सांगितलं, चित्र काढायला जातो. ड्रॉइंग मास्तराची एवढी एक सोय असते, कुठेही जाऊन बसला तरी कोणी का म्हणून विचारत नाही.

पाऊस उघडलाय. गवत छातीइतकं. रानात शिरून मी आणि बाळाराम चढायचो ते जुने धोंडे एकेक पाहिले. बसका धोंडा, जोडधोंडे, सगळे जिथल्या तिथे. ते कुठे जाणार म्हणा. म्हशीच्या धोंड्याकडे जायचं नाही असं ठरवून निघालो होतो. गेलोच.

वर, शेवटच्या पकडीवर, म्हणजे हात घालायच्या कंगोऱ्यावर, चुन्याची खूण आहे. ताजी, पांढरी. बाळाराम पडला त्या दिवशीचा चुना पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेला असणार. त्यानंतर आणखी एक पावसाळा गेला. मग ही कोणी लावली?

सायकलवर बसवेना. हातात धरून सडकेपर्यंत चालत आलो. चित्राची वही उघडलीच नाही.

७ ऑक्टो.
शाळेत लक्ष नाही. सातवीला कमळ काढायला दिलं आणि फळ्यावर स्वतः धोंडा काढत उभा. मुलं हसायला लागली तेव्हा पुसला.

चुन्याची पद्धत बाळारामचीच. पान खायचा, कमरेला डबी कायम. नवा धोंडा असला की एकाने मागच्या सोप्या बाजूने माथ्यावर जायचं. पालथं पडून हात खाली सोडायचा, वरची पकड तीनदा जोर लावून ओढायची. हलली नाही तरच तिच्यावर बोटाने चुना. खालच्या पकडी चढणाऱ्याने आधीच तशाच तपासून खुणवायच्या. मग दुसऱ्याने पुढच्या उभ्या अंगाने चढायचं, पांढरं दिसेल तिथे बेलाशक हात घालायचा. पहिला तोवर खाली येऊन, पडलाच तर सावरायला, हात पुढे करून उभा. "तीनदा वढ, मंग चुना," हे त्याचं रोजचं. मिठागरावरचा माणूस आणि शाळेतला मास्तर यांची जोडी कशी जमली ते पनवेलात कोणाला कळलं नाही. दोघांना एकच वेड होतं, बाकी काही नाही.

भुताला कशाला लागतो चुना, मास्तर. असं दिवसभर स्वतःला बजावतोय.

१३ ऑक्टो., रवि.
पुन्हा गेलो. आज नीट पाहिलं. एक नाही, चार खुणा आहेत. चारही आमच्याच जागी, इंचाचा फरक नाही. पहिली कमरेइतकी, मग डोक्याच्या वर, मग भेगेपाशी, चौथी माथ्याखाली. धोंडा तीन पुरुष उंच. आमची खूण बोटभर असायची, या तळहाताएवढ्या आहेत. चौथीवरून ओघळ आलाय.

या जागा मला आणि बाळारामला ठाऊक. मी लावल्या नाहीत.

बसक्या धोंड्यावर चढून पाहिलं. हा खिशात हात घालून चढता येतो असं म्हणायचा बाळाराम. आज गुडघा सोलला. एकटा असताना मागे वळून दोनदा पाहिलं. कोणी नव्हतं. पण खाली कोणी उभं असल्याशिवाय चढायची सवयच नाही, म्हणून पाहिलं असेन.

१४ ऑक्टो.
सौ. म्हणाली, "पुन्हा ते सुरू केलंत?" गुडघा दिसला तिला. मी म्हटलं, सायकलवरून पडलो. तिने आयोडीन लावलं, जरा जास्तच चोळून.

२० ऑक्टो., रवि.
दिवाळीची सफेदी. सौ.ने मला कामाला जुंपलं. आढ्यापर्यंत हात पुरेना तेव्हा तिने कुंचला बांबूला बांधून दिला. वर टेकवला की चुन्याचा ओघळ बांबूवरून कोपरापर्यंत.

तसाच थांबलो. तळहाताएवढा ठिपका, खाली ओघळ. कोणीतरी खाली उभं राहून, बांबूला कुंचला बांधून... म्हणजे भूत नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्त भीती वाटली, कारण माणूस असेल तर तो मला प्रश्न विचारू शकतो.

२७ ऑक्टो., रवि.
हिराजीबाबा. बाळारामचा बाप.

धोंड्यापाशी आधीच बसले होते, बाजूला बांबू आणि चुन्याचा डबा. मला बघून उठले. दोन वर्षांत फार वाळलेत. म्हणाले, "मास्तर, तुमी आलाव. मना वाटलं, तुमी परत येनार नाय."

खुणा तेच लावतात. पावसाळा सरला की एकदा, मग दर अवसेला. मध्ये कधी रविवारी नुसतेच येऊन बसतात, डबा-बांबू बरोबर असतोच. त्या दिवशी उचलायला आले तेव्हा चार पाहिल्या, जागा ध्यानात ठेवल्या. "माज्या पोराचे हाताच्या खुना हायेत. पुसू कशा देव?"

मी मान हलवली. चौथी त्याच्या हातची नव्हे, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं. बराच वेळ मनात घोळवलेलं असावं, कारण माझ्याकडे न बघता विचारलं. "तुमी त्याचे बाजूला व्हतेव. त्याचे तोंडाला वास येत व्हता काय?"

कसला, म्हटलं.

"ताडीचा. त्या दिवशी सकाली मीच पेला दिला त्याला. थंडी हाय, घे बोललो. दारूबंदी म्हनून कोनाला बोललो नाय, फौजदाराला बी नाय. पन गावाला ठाव हाय. पोर पिऊन पडला बोलतात."

मी म्हणालो, आठवत नाही.

लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी आहे. ताडीचं ऐकून क्षणभर मला बरं वाटलं.

२८ ऑक्टो.
तोंडात पान होतं त्याच्या. पानाचा वास आला होता. त्याच्याखाली दुसरा काही होता का? दोन वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आता दुसरं काही सुचत नाही.

३ नोव्हें., रवि.
गेलो नाही. घरी बसून वह्या तपासल्या. चाळीस कमळं, एकही उमललेलं नाही.

१० नोव्हें., रवि.
आज त्यांच्या घरी. अंगणात बसलो. म्हातारीने चहा दिला आणि आत गेली, परत बाहेर आली नाही. हिराजीबाबा आपणहून बोलत होते. कदाचित दोन वर्षांत ऐकणारा मिळाला नसेल.

दहाव्याचं सांगत होते. पिंडाला कावळा शिवेना. "भैनीचं लगीन लावीन बोललो. नाय आला. म्हशीला इकनार नाय बोललो, त्याची लाडकी व्हती. नाय आला. सगली मानसा उन्हात उभी. मंग मी पुढं झालो. बोललो, बाला, ताडीला हात लावनार नाय, तुझी आन. आनि कावला आला. बगा ना मास्तर. त्यानाच सांगितलं मना, कशानं पडला तो."

तेव्हापासून थेंब नाही. म्हातारी त्यांच्याशी धड बोलत नाही. पेला त्यांनी दिला हे तिला माहीत आहे. भाकरी पुढ्यात ठेवते आणि जाते.

चहा तसाच ठेवून निघालो. निघताना ते म्हणाले, एवढं भात झोडून झालं की जरा मोकळं वाटेल.

१२ नोव्हें.
लिहून टाकतो. बोलता येत नसेल तर निदान इथे.

त्या दिवशी माथ्यावर मी गेलो होतो. पालथा पडलो, पण चौथ्या पकडीपर्यंत हात नीट पुरेना. बोटं टेकत होती, ओढता येत नव्हतं. खालून त्याने विचारलं, "झाला काय मास्तर?" आणखी सरकायला भीती वाटली. आणि भीती वाटते हे त्याला सांगायला लाज वाटली. बोटाने चुना लावला आणि ओरडलो, झालं. खाली येऊन उभा राहिलो. तो चढला, तिसरी सोडून चौथीवर दोन्ही हात घातले, आणि आला खाली.

पंचनाम्यात मी सांगितलं, पाय घसरला.

पकड निखळली नाही, ती आजही तिथे आहे. पण हललेली असू शकते. तेवढं पुरतं. मी त्यानंतर वर पाहिलंच नव्हतं.

आणि दहाव्याला मीही होतो. मागे, बाभळीखाली. हिराजीबाबा पुढे झाले, आणि त्याच वेळी मी मनात म्हणालो, मी सांगेन सगळं, बाळाराम. कावळा आला तो तेव्हाच. कोणाच्या शब्दाला आला हे मला त्याच घडीला कळलं होतं. त्यांनी शब्द पाळला. मी घरी येऊन जेवलो आणि सोमवारी शाळेत गेलो.

कावळ्यावर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगतो.

१७ नोव्हें., रवि.
सांगितलं.

धोंड्यापाशी, उभ्या-उभ्याच. वर बोट दाखवून म्हणालो, ती चौथी खूण त्याच्या हातची नाही, माझी आहे, आणि मी ती ओढून पाहिली नव्हती. कावळ्याचंही सांगितलं. मध्ये एकदाही थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलं असतं.

हिराजीबाबा चौथ्या खुणेकडे बघत राहिले. दर अवसेला बांबू उंचावून तिलाच सगळ्यांत जपून चुना लावला असणार. मग डबा उचलला, बांबू खांद्यावर घेतला आणि चालू लागले. मला वाटलं होतं शिव्या देतील, निदान हात उगारतील. मी तयार होतो त्याला.

बाळारामची पितळी डबी, त्या दिवशी मी वर नेलेली, माझ्याकडेच होती इतके दिवस. द्यायला नेली होती. मागे धावत जाऊन हातात दिली. घेतली, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

१९ नोव्हें.
काही नाही. सौ.ला सांगितलं सगळं. ती रडली, माझ्यासाठी नव्हे, त्या म्हातारीसाठी. म्हणाली, "दोन वर्षं तिने नवऱ्याला दोष दिला." हो, म्हटलं.

२१ नोव्हें., अवस
आज त्यांनी खुणा लावल्या असतील का? चौथी सोडून तीनच?

२३ नोव्हें., शनि.
शाळा सुटली तर फाटकाबाहेर हिराजीबाबा. बाजाराला आले होते. धुतलेलं धोतर, टोपी.

डबी काढून दाखवली. आतला चुना दगड झाला होता, तो काढून ताजा भरलाय. म्हणाले, "उद्या तुमी चढा मास्तर. बाला चढला तसा, पुढून. चवथीला हात घाला आनि तीनदा वढा. जोर लावून."

मी म्हटलं, हलली तर?

"तर चूक तुमची. तुमी घरी येवाचं आनि म्हातारीला सांगाचं."

नाही हलली तर?

रस्त्यावरून एक एस.टी. गेली, तिची धूळ बसली. "मंग माजी," म्हणाले.

खोटं बोलणं किती सोपं आहे, ते माझ्या डोक्यात आलं. वरून ओरडायचं, हलली. खालून त्यांना दिसणार नाही. म्हातारी पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागेल. पण मी वरून एकदा खोटं ओरडलोय. त्यांनाही तेच आठवलं असावं, कारण ते म्हणाले, "खरा काय तो बोला. मना दुसरा काय नको."

मग त्यांनीच विचारलं, खाली कोणी उभं राहतं ना, ते मी राहीन, कुठे राहायचं. सत्तरीला टेकलेला माणूस. मी नको म्हटलं तर ऐकेनात. वहीचं पान फाडून धोंडा काढून दिला, आणि उभं राहायच्या जागी फुली. त्यांनी घडी करून टोपीत ठेवलं.

"आनि हात?"

फाटकापाशी उभं राहून दाखवले. पुढे, तळवे वर, कोपरं सैल. मुलं बघत होती. त्यांनीही तसेच केले. मिठाने चिरलेले तळवे, नखांत चुना. "असा?" म्हणाले.

असाच, म्हणालो.

त्या दिवशी माझे हात असे होते की नव्हते, ते मला अजून आठवत नाही. उद्या सकाळी सातला निघायचं. सायकलची हवा भरून ठेवली आहे.