प्रज्ञाच्या लॅपटॉपची फाइल

११ जाने., रविवार
प्रज्ञाचा पुण्याहून फोन. आज जरा लांबला. एरवी ठरलेलं असतं: "बाबा, जेवलात?" "जेवलो. तू?" "हो." "बरं, ठेवते." सुमन होती तेव्हा मायलेकी तासभर बोलायच्या आणि मी शेजारून 'हळू बोला' म्हणायचो. आता घरात बोलतो तो कुकर.

आज काम होतं. सायबर सिक्युरिटीच्या लॅबसाठी लॅपटॉप हवाय, जुन्यावर व्हर्च्युअल मशीन चालत नाहीत. म्हणजे एकाच लॅपटॉपच्या पोटात आणखी दोन खोटे कॉम्प्युटर चालवायचे आणि एकाने दुसऱ्यावर हल्ला करायचा. "तिथे दिल्लीत नेहरू प्लेसला कॉम्प्युटरचा बाजार आहे ना, बघाल का? पन्नास हजारांच्या आत बसवा यार बाबा." बघतो म्हणालो. बिल्कुल बघतो.

१४ जाने., बुधवार
ऑफिसातून परस्पर ने. प्लेस. दुकानदार 'अंकलजी, ये देखिए' करत एक पातळसा गळ्यात मारायला बघत होता. रॅम आठच, आणि तीही बोर्डावर पक्की बसवलेली, पुढे वाढवता येत नाही. व्हर्च्युअल मशीनला सोळा तरी पाहिजे. तसं त्याला म्हटलं तर माझ्याकडे नीट बघायला लागला.

घरी येऊन प्र.ला सांगितलं. "अरे वा, तुम्हाला कसं माहीत?" वाचलं म्हणालो. बरं वाटलं.

१७ जाने., शनिवार
दुसरा पाहिला. बॅटरी दिवसभर चालते, पण प्रोसेसर वेगळ्या जातीचा, तिच्या लॅबच्या मशीन त्याच्यावर उभ्या राहणार नाहीत. रद्द. प्र.शी बोलताना विषय रॅमवरून तिच्या घोरणाऱ्या रूममेटवर गेला, तिथून मेसच्या डाळीवर. अडवलं नाही. ती हसली. किती दिवसांनी.

२२ जाने., गुरुवार
मिळाला. सोळा रॅम, वर एक स्लॉट रिकामा, पैशातही बसतो. शेजारच्या टेबलाच्या शर्माजींना मोबाइलवर दाखवला. "ले लो सर, सोचना क्या है?"

प्र.ला मात्र म्हणालो, याचा पंखा फार वाजतो अशी लोकांची तक्रार आहे. लोक म्हणजे एक माणूस, कुठलासा.

इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढली, फाइल पेंडिंग कशी ठेवायची ते मला शिकवायला नको. नाही कधी म्हणायचं नाही. एक शंका काढायची, तिचं उत्तर आलं की दुसरी. निकाली निघालेली फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाते. मग तिच्यासाठी कुणी फोन करत नाही.

२४ जाने., शनिवार
आजची शंका स्क्रीनबद्दल. उद्यासाठी वॉरंटी राखून ठेवलीय. छान बोललो. लाज वाटते, पण फोन ठेवल्यावर.

२८ जाने., बुधवार
प्र.ची प्रॅक्टिकल होती. मला पत्ताच नाही. जुन्या लॅपटॉपवर दोन्ही मशीन एकदम सुरू केल्या, सगळंच अडकून बसलं. पेपर अर्धा राहिला. पुन्हा द्यावी लागणार.

"अगं, आधी बोलायचंस ना. पंख्याचं एवढं काय, मी लगेच..."

"तुम्ही इतकं मन लावून बघत होतात, बाबा. आई गेल्यापासून एवढं कधी बोललाच नव्हतात. म्हटलं, चालू दे."

नेटवर्क नाही म्हणालो आणि फोन ठेवला. नेटवर्क होतं.

तिच्या परीक्षेपेक्षा मला माझा फोन मोठा वाटला.

२९ जाने., गुरुवार
अर्ध्या दिवसाची रजा. तोच घेतला. दुकानात सुरू करून कान लावून ऐकला, पंखा वाजत नाही. तिथूनच कुरियर. फाइल निकाली.

४ फेब्रु., बुधवार
प्र.चा मेसेज काल आला: "तीन मशीन एकदम चालतात. थँक यू बाबा." खाली लाल बदाम. पुन्हा प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात. त्यानंतर काही नाही. अभ्यास असणार. असायलाच हवा.

संध्याकाळी मेट्रोत सवयीने लॅपटॉपचे व्हिडिओ बघत बसलो आणि मयूर विहारला उतरायचंच राहिलं.

८ फेब्रु., रविवार
धुकं. समोरची बिल्डिंग दिसत नाही. पोहे केले, अंदाज चुकून दोघांचे झाले. वर ओतायची झणझणीत तर्री मला जमत नाही, नागपूरला असतो तर नाक्यावरून आणली असती. कोरडेच खाल्ले.

सकाळपासून कारण शोधतोय. कूलिंग पॅड हवं का? वॉरंटीची नोंदणी केलीस का? दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. त्याच त्या शंका. आणि आता तिला त्या ओळखू येतात.

विचारायचं काहीच नाही. सांगायचं एवढंच की घर फार शांत आहे आणि मला तिचा आवाज ऐकायचाय. असलं काही बोलायचं ते खातं सुमनकडे होतं.

'जेवलीस का' म्हणायचं नाही, इतकं ठरवलंय. त्याऐवजी काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही.

फोन लावतो.