दोन वाजताचा होकार

फुलचूर निवासी आदरणीय भोजराज भाऊजींना, कोहमाऱ्याहून आपल्या साळ्याचा, म्हणजे हुकुमचंदचा (सध्या पूर्ण जागा), वाकून नमस्कार. रामकलीबाईचे गुडघे कसे आहेत? तुमचं पित्त? आमच्याकडे सर्व खुशाल आहे, निदान भूमेश्वरी तसं सांगते. मला मात्र पंधरा दिवसांपासून कशाचाच मेळ लागेना, म्हणून पत्र लिहितो. (फोनवर बोललो की सगळं घर ऐकतं.)

गोंदियाच्या डॉक्टरांनी मला एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं की झोपेत माझा श्वास तासाला एकेचाळीस वेळा थांबतो. मी म्हटलं, असं कसं, मला तर काहीच समजलं नाही. ते म्हणाले, हाच तर आजार आहे. मग एक मशीन दिलं. डबा, डब्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बांधायचा मास्क, आणि त्यातून रात्रभर हवा. तोंड जरा उघडलं की नाकात गेलेली हवा तोंडातून फुर्रकन बाहेर. घोरणं थांबलं तर भूमेश्वरी घाबरली आणि दर तासाला मला हलवून ‘आहा ना तुमी?’ विचारू लागली. मास्क रोज धुवावा लागतो. तो दोरीवर वाळताना पाहून शेजारच्या उदारामनं विचारलं, ‘फवारणी करून रायले का हुकुमभाऊ? धान त कापून झाला.’

बाराव्या दिवशी पहाटे आपोआप जाग आली. डोकं दुखत नव्हतं, पाय जड नव्हते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून मला वाटलं काहीतरी बिघडलं. भूमेश्वरीनं काढा करून दिला. खरी पंचाईत दुपारी झाली. जेवून खाटेवर बसलो, झोपेची वाट पाहिली, ती येईना. (भाऊजी, दुपार किती लांब असते हो. तुम्ही लोक तिचं करता काय?) बरोबर दोन वाजता उदाराम आला, माझे डोळे उघडे पाहून दारातच थबकला आणि ‘मंग येतो’ म्हणून परत गेला. पाठोपाठ दुधराम आला, तोही परतला. तेव्हा कळलं की गावात कुणाला माझ्याकडून होकार हवा असेल तर दोन वाजता यायचं, विचारायचं, आणि माझी मान डुलली की काम झालं समजायचं. माझ्या बांधावरून उदारामचा ट्रॅक्टर जातो तो माझ्याच परवानगीनं. मंडईच्या जत्रेतल्या नाटक कमिटीचा अध्यक्षही दोन वर्षांपासून मीच आहे.

इथवर हसून सोडलं असतं. पण पुढच्या रविवारी आमच्या रुचिचं साक्षगंध आहे, आणि ही सोयरीक पक्की कुणी केली असं विचारलं तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. भूमेश्वरी म्हणते, ‘तुमीच त तीनदा मान हलवली.’ दिवाळीनंतर तुम्ही पाहुणे घेऊन आलात हे आठवतं, वडे खाल्ले हे आठवतं, त्यानंतर एकदम तुमची गाडी फाटकातून निघताना आठवते. मुलगा बोलला की गप्प बसला, काही सांगता येत नाही. त्याचं नाव ओमेश, हेसुद्धा पत्रिकेवर वाचलं. एकुलत्या मुलीचं आयुष्य मी जेवून पेंगता पेंगता देऊन टाकलं याची मला फार लाज वाटते. तिला हे पसंत आहे की बापानं मान हलवली म्हणून ती गप्प बसली, हे तिला विचारायचा धीर होत नाही.

रामकलीबाईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
हुकुमचंद

ता.क. मुद्दा राहिलाच. रविवारच्या आधी काहीतरी निमित्त काढून मुलाला इकडे आणा. सकाळी आणा. मला त्याला नीट पाहायचं आहे, आणि पटला नाही तर साफ नाही म्हणणार आहे.

पुन्हा ता.क. पाकिटावर पिनकोड घालायला रुचिला दिलं, तर तिनं उघडून वाचलं. म्हणते, ‘बाबा, जागेपणी तुमी तीन पोरं परत लावले. एकाचे त जोडेच तुमाले पटले नाही. ओमेश मले कॉलेजापासून पसंत आहे. म्हून मीच फुफाजीले सांगितलं, दोन वाजताच विचारा.’ म्हणजे भाऊजी, तुम्हीही त्यात होतात. तरी मुलाला आणा, आणि सकाळीच आणा. मी हो म्हणणारच आहे. पण एवढा एक होकार मला जागेपणी द्यायचा आहे.