तीस पौंडांत आठ दिवस

५ जुलै
काल पार्कातल्या जेवणावळीत शिकारी क्लबच्या वीस-पंचवीस माणसांसमोर बोलून गेलो. या ऑक्टोबरात बर्च खिंडीपलीकडे नऊ मैल आत जाणार, आठ दिवस राहणार, पाठीवर फक्त तीस पौंड, आणि एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, मारूनच येणार. बीअर दोनच झाल्या होत्या. सेक्रेटरींनी लगेच लिहून घेतलं. डिसेंबरच्या सभेत माझं भाषण ठेवलंय. विषय : हलकं सामान.
आता माघार नाही. माघार घ्यावीशी वाटतही नाही. सकाळपासून दोनदाच वाटलं.
गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी परत आलो ते बॅगेमुळे. बासष्ट पौंड होती. माणसाचा दोष नव्हता.
तीन हिवाळे डीप फ्रीजरमध्ये फक्त वाटाणे आहेत. बायको, मार्व्हा, दुकानातून बीफ आणते आणि काही बोलत नाही. न बोलणं मला ऐकू येतं.

११ जुलै
मार्व्हाचा स्वयंपाकातला वजनकाटा वरच्या खोलीत आणला. ती म्हणाली, मग पीठ कशावर मोजू? म्हटलं, अंदाजाने मोज, अनुभव आहे तुला.
दिवसभर वजनं. चाकू, दोर, टॉर्च, मोजे. मोज्यांत फार वजन असतं, कोणाच्या लक्षात येत नाही. लग्नाची अंगठीही ठेवून बघितली. पाव औंस. केवळ माहितीसाठी. नेमकी मार्व्हा दारात. अंगठी नेणार आहे, असं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, नको, जड होईल.

२ ऑगस्ट
बॅग आली! दोन पौंडांच्या आत. आत सांगाडा वगैरे काही नाही, नुसती पिशवी. तीस पौंडांच्या वर भरू नका असं कागदावर लिहिलंय. भरणारच नाही. कागदही फेकला.
तंबू : ताडपत्रीसारखं पातळ कापड, मध्ये काठी. खाली तळ नाही. तळ ही सवय आहे.

९ ऑगस्ट
खाण्याचा अभ्यास. औंसाला सव्वाशे कॅलरीच्या खालचा एकही पदार्थ बरोबर येणार नाही. सफरचंद बाद. ब्रेड बाद. डबाबंद काहीही बाद. पास झाले : शेंगदाण्याचं लोणी, ऑलिव्ह तेल, मॅकाडेमियाचे दाणे, चुरलेले नूडल्स. बटाट्याची पावडर नियमात बसत नाही, पण तेल घातलं की बसते.
स्टोव्ह बाद. सगळं गार पाण्यात भिजवून खायचं.
संध्याकाळी प्रयोग म्हणून तेच जेवलो. उत्तम. पोट भरलं. मग चार अंडी खाल्ली, तुलनेसाठी.

२३ ऑगस्ट
संकट. मार्व्हा म्हणते एकटा जायचं नाही. तिच्या धाकट्या भावाला, ऑरिनला, परस्पर सांगून टाकलं. ऑरिन वेल्डर आहे. प्रत्येक गोष्ट लोखंडाचीच हवी असं त्याचं मत. फोनवर म्हणाला, दाजी, काळजी नको, तवा मी आणतो.
तवा!

१३ सप्टेंबर
रविवारचं जेवण सासरी. सासरेबुवा अठ्ठ्याहत्तर. सहा वर्षांपूर्वी खेचरं विकली तेव्हापासून डोंगरावर गेलेले नाहीत, खिडकीतून बघतात. मी अर्धा तास सामानाची यादी समजावली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, जावईबापू, जाताना तीस पौंड, ते कळलं. येताना?
म्हटलं, येताना कमी, खाणं संपलेलं असतं ना.
ते ऑरिनकडे बघून हसले. या वयात तांत्रिक गोष्टी कळायला जड जातात. वाईट वाटलं.

३ ऑक्टोबर
खाण्याच्या सगळ्या पिशव्या भरल्या. खोकी काढून टाकली, लेबलं काढली. बटाटा, दूध, पॅनकेकचं पीठ, सूप. माझ्या डोक्यात सगळं आहे. एकूण वजन : एकोणतीस पौंड चौदा औंस. दोन औंस शिल्लक! मार्व्हाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान, आता काटा दे.
गुडघा थोडा दुखतो. हवेमुळे.

९ ऑक्टोबर. रस्त्याच्या टोकाशी, सकाळी
ट्रकच्या मागे उभं करून ऑरिनची बॅग तपासली. जुनी, लोखंडी सांगाड्याची, रिकामीच सात पौंड. आतून काढलं : तवा, बेकन, कांदे (सहा!), करवत, दुसरा दोर, मांसाच्या कापडी पिशव्या. तो म्हणाला, दाजी, मांसाच्या पिशव्या तरी राहू द्या. बरं म्हटलं. मन मोठं ठेवावं लागतं. उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्रही काढत होतो, तर म्हणाला, ताईने शपथ घातलीय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नऊ मैल आलो. मी पुढे होतो. म्हणजे ऑरिन मला पुढे ठेवत होता. म्हणाला, दाजी, तुम्ही दिसत राहिलात की बरं. अगदी हलकं वाटलं. सात वेळा बसलो, पण ते नजारा बघायला.

१० ऑक्टोबर
हंगामाचा पहिला दिवस. बर्फ. बाहेर पाच पावलांपलीकडे दिसत नाही.
दोघं तंबूत. तंबू दोघांचा आहे असं दुकानदार म्हणाला होता. कोणते दोघं ते सांगितलं नाही. मध्ये काठी, काठीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ऑरिन, आणि चहूबाजूंनी खालून वारा. बर्फ आत येतं. तळ नाही.
न्याहारीला दूध म्हणून भिजवलं ते पॅनकेकचं पीठ निघालं. जेवायला बटाटा भिजवला, ते दूध. सगळ्या पिशव्या पांढऱ्या. ऑरिनने शांतपणे खाल्लं आणि विचारलं, दाजी, हे काय होतं? म्हटलं, कॅलरी.

११ ऑक्टोबर
बर्फ. बाहेर पडता येत नाही. पाय लांब करता येत नाहीत. कूस बदलायची तर दोघांनी ठरवून बदलावी लागते. ऑरिन तीन म्हणेपर्यंत मोजतो.
गार नूडल्स. हात इतके गारठले की लिहिताना अक्षर बापाच्या अक्षरासारखं येतंय.
दुपारी कसलासा वास आला. ऑरिन पाठमोरा होता. सलामी! वीतभर लांब सॉसेज. बाहीत लपवून आणलेली. विश्वासघात. नियम मोडल्याबद्दल चांगलं सुनावलं. मग अर्धी मागितली. त्याने मोठा तुकडा दिला. या माणसाशी पुन्हा बोलणार नाही असं ठरवलं होतं, ते रद्द.

१२ ऑक्टोबर
बर्फ. काठी वाकली. ऑरिन म्हणाला, थांबलं की परत जाऊ. मी म्हटलं, क्लबला काय सांगू? तो म्हणाला, दाजी, क्लबचं कोणी इथे गारठत नाहीये.
खरं तर निघायचंय. पण भाषणाचा कागद नोटीसबोर्डावर लागलाय.

१३ ऑक्टोबर
मारला.
क्रमाने लिहितो. पहाटे आकाश उघडलं. पाणी आणायला म्हणून ओढ्याकडे गेलो. बंदूक खांद्याला होती ती निव्वळ ऑरिन ओरडू नये म्हणून. पलीकडच्या उतारावर नर. सहा फाट्यांची शिंगं. श्वासाची वाफ दिसत होती. मी गुडघा टेकला (दुखणारा), श्वास सोडला, एकच गोळी. तो चार पावलं चालला आणि बसला, जणू दमला होता.
ऑरिन धावत आला, मला मिठी मारली, दोघं बर्फात पडलो. चार वर्षांनी! त्या जनावराच्या मानेवर हात ठेवला तर ऊबदार. तीन दिवसांत पहिल्यांदा हात शेकले. ऑरिनने टोपी काढली. मीही काढली.
मग ऑरिन म्हणाला, दाजी, सातशे पौंड तरी असेल.
खाली बसलो.

त्याच दिवशी, दुपारी
सोलून, हाडं काढून मांस सव्वादोनशे पौंड. मांस डोंगरावर सोडून जाणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी सोडलं नसतं. सगळं झाडाला टांगलं.
माझ्या बॅगेत मागच्या मांडीचं मांस भरलं. उचलली. पट्टा तुटला. गाठ मारली. दुसरा तुटला. मग शिवण उसवत गेली, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. ऑरिन बघत होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
हे उत्पादनाचं अपयश आहे.

१४ ऑक्टोबर
ऑरिन पहाटे लोखंडी बॅगेत सत्तर पौंड घेऊन ट्रककडे गेला. उद्या येईल. जाताना यंत्रावरून ताईला निरोप पाठवला. काय पाठवला ते दाखवलं नाही.
मी राखणीला. मांस सोडून हलता येत नाही, अस्वलं आहेत. मांस घेऊनही हलता येत नाही. बसलोय. गुडघा सुजलाय. खायला मॅकाडेमिया. सभोवती दीडशे पौंड उत्तम मांस, आणि शिजवायला ना तवा ना स्टोव्ह. लाकडं ओली. करवत ट्रकमध्ये. काडेपेटीतल्या अकरा काड्या आणल्या होत्या (मोजून), त्या विझवून संपवल्या.
झाडाला टांगलेल्या पिशव्यांकडे बघत होतो. आपणही असेच टांगलेलो आहोत असं मनात आलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

१५ ऑक्टोबर
दुपारी घंटा वाजल्या. वाटलं, भुकेने भास होतोय. वळणावरून खेचरं आली, तीन. पुढे घोड्यावर थेल्डाबाई, आमच्या शेजारीणबाई, वय एकोणसत्तर, खेचरं त्यांचीच. मागे ऑरिन पायी. आणि त्यांच्या मध्ये, जुनी लोकरी टोपी घालून, घोड्यावर सासरेबुवा.
ऑरिन म्हणाला, ताई नको म्हणत होती, बाबा ऐकेनात. बूट घालून ट्रकमध्ये जाऊन बसले.
त्यांना दोघांनी धरून उतरवलं. ते शिंगांपाशी गेले, फाटे मोजले, उताराकडे बघितलं, मी कुठून गोळी घातली ते विचारलं. दाखवलं. लांबून होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जावईबापू, स्वच्छ पाडलंत.
मी शिंगांवरचं बर्फ झटकायला लागलो. बर्फ फारसं नव्हतं.

१६ ऑक्टोबर. परतीच्या वाटेवर
खेचरावर दोन्हीकडे वजन सारखं लागतं, नाहीतर खोगीर फिरतं. थेल्डाबाई ताणकाट्यावर एकेक पिशवी तोलत होत्या. शेवटच्या खेचराला एका बाजूला मांस, दुसऱ्या बाजूला माझं सगळं सामान : घर, बिछाना, खाणं, आठ दिवसांचा संसार. पुरेना. त्या म्हणाल्या, एवढंच? म्हटलं, एवढंच. तीन महिन्यांचं काम आहे ते. त्यांनी ओढ्यातला एक दगड उचलला आणि वर ठेवला. मग जमलं.
सासरेबुवा घोड्यावर हसून हसून खोकले. मी पायी.

१८ ऑक्टोबर. घरी
फ्रीजर वरपर्यंत भरला. मार्व्हा आत हात घालून उगाच पुड्या लावत होती. म्हणाली, चांगलं केलंस रे. इतकंच. दिवसभर ते वाक्य मनात.
क्लबचा फोन आला. भाषणाला लोक उत्सुक आहेत. मी म्हटलं, विषयात थोडा बदल करावा लागेल. ते म्हणाले, पत्रकं छापून झाली.

२० ऑक्टोबर. सकाळी
ऑरिनचा परवाना अजून शिल्लक आहे. हंगाम संपायला चार दिवस. तो, थेल्डाबाई आणि सासरेबुवा पुन्हा वर निघालेत. मार्व्हाही. ती शाळेची बस चालवते, तिथे बदली माणूस दिला. मला काल कळलं.
अंगणात सामान बांधणं चाललं होतं. बेकन, कांद्यांची पिशवी, दोन तवे, कॉफीची किटली, कापडी मोठा तंबू, शेगडी, घडीची खुर्ची. मी म्हटलं, खुर्ची कशाला, चार पौंड जातील. मार्व्हा म्हणाली, बाबा बसतील. मी म्हटलं, तसं बरोबर आहे. सासरेबुवा ट्रकमध्ये आधीच बसले होते, पट्टा लावून. वीस वर्षांनी लहान दिसत होते. ऑरिनने काच खाली करून विचारलं, दाजी, वरून काही आणू का?
सगळे हसले. मीही हसलो. ट्रक गेला.
घर शांत आहे. न्याहारीला मार्व्हाने अंडी ठेवलीत, करायला हवीत.
गुडघा तसा बराच बरा आहे. विचारलं असतं तर गेलो असतो.